हेतलची तुला

हेतलच्या मानेवरचा काळा पट्टा काही केल्या निघत नव्हता.

आधी वाटलं, शाळेतली धूळ असेल. मग वाटलं, उन्हानं रापली. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, रोज सकाळी मोरीपाशी पाट टाकून बसायच्या आणि डाळीचं पीठ, साय, लिंबाची फोड असं सगळं घेऊन नातीची मान चोळायच्या. हेतल आठ वर्षांची. आग होते म्हणून कुरकुर करायची, पण मान मागे घ्यायची नाही, कारण चोळून झालं की तिची मोठीआई तिच्या तळहातावर एक पेढा ठेवायची. वर्गातल्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, आंघोळ करून येत नाहीस का गं. तेव्हापासून ती गळ्याभोवती रुमाल गुंडाळून शाळेत जायला लागली. होळी उलटली, पारोळ्याचं ऊन तापायला लागलं, तरी रुमाल सुटेना. व्हॅनमधून उतरली की पहिल्यांदा तो रुमाल पिळावा लागायचा, इतका घामानं ओला.

खोकला हटत नव्हता म्हणून मी तिला धुळ्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि रुमाल सोडायला सांगितला. हेतलनं माझ्याकडे पाहिलं. मीच घाईनं म्हणाले, "मॅडम, रोज घासतो हो आम्ही, पण निघत नाही."

त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पट्ट्यावरून जोरात फिरवला आणि माझ्या समोर धरला. बोळा पांढराशुभ्र.

"मळ असता तर कापसाला लागला असता," त्या म्हणाल्या. "घासू नका तिला. हे आतून आलंय."

मग त्यांनी रक्त तपासायला लावलं, पोटाची सोनोग्राफी करायला लावली. दुपारी उन्हात बसस्टँडवर उसाचा रस पाजत मी हेतलला बसवून ठेवलं आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन परत गेले. रस पाजला हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी हेतलला बाहेरच्या बाकावर बसवून मला समजावलं. साखर अजून हद्दीच्या अलीकडे आहे, पण अगदी हद्दीवर येऊन टेकली आहे. लिव्हरवर चरबी आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत असा काळा पट्टा येतो.

मला पहिला प्रश्न सुचला तो असा, की आठव्या वर्षी? डायबेटिस तर माझ्या सासऱ्यांना, झुलाल आबांना झाला होता, साठीला.

त्या म्हणाल्या की पूर्वी, शहरात डॉक्टरी शिकत असताना, त्यांना अशी मुलं दिसायची, तीही एखादीच. आता शिंदखेड्याकडून येतात, साक्रीकडून येतात, ज्यांचे आईवडील शेतावर राबतात त्यांचीही येतात. मग त्यांनी विचारलं, "जन्माच्या वेळी वजन किती होतं?"

मी सांगितलं. दीड किलोसुद्धा नव्हतं. सातव्या महिन्यातली.

त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. म्हणाल्या, "पोटात असताना ही उपाशी राहायला शिकली. तिच्या शरीरानं ठरवून टाकलं की बाहेर दुष्काळ आहे, मिळेल ते साठवायचं. आणि बाहेर आल्यावर तुम्ही तिला भरभरून दिलंत. दोष नाही देत. पण शरीर अजून साठवतच आहे." तीन महिन्यांनी, शाळा सुरू व्हायच्या आधी, परत या म्हणाल्या. तोवर उपास नको, औषध नको, रागावणंही नको. वजन आहे तिथेच राहिलं तरी पुष्कळ. "तेवढं राहिलं नाही तर मात्र गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि त्या मग सुटत नाहीत."

एसटीत हेतल माझ्या खांद्यावर झोपली. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसले होते. इतके दिवस आम्ही तो पट्टा घासत होतो.

घरी यायचं तर गोडाऊनमधूनच यावं लागतं. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर दीपकची, म्हणजे माझ्या मिस्टरांची, एजन्सी आहे. वेफर्स, फुगलेले तिखट तुकडे, क्रीमची बिस्किटं, रंगीत पेयांच्या बाटल्या. सायकलला पिशव्या लटकवून त्यांनी धंदा सुरू केला होता, आता त्यांचा टेम्पो पार सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत जातो. जिथे अजून नळ पोचला नाही तिथे आपली पुडी पोचली, असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. एजन्सीत एक गोष्ट असते, डॅमेज. कुठे उंदरानं कोपरा कुरतडला, कुठे खोकं दबलं, कुठे तारीख जवळ आली. असा माल दुकानदार परत करतात आणि कंपनी तो सगळा घेत नाही. फेकायचा कसा? म्हणून तो वर घरात येतो. आमच्या स्वयंपाकघरातला मोठा पत्र्याचा डबा कधी रिकामा झालेला मी पाहिला नाही. नातेवाईक घरी आले की पिशवी भरून नेतात. हेतल शाळेत सगळ्यांची लाडकी होती ती त्या डब्यामुळे, आणि तिला चिडवायचे तेही त्याच डब्यावरून.

मी रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंना रिपोर्टचं सांगितलं. मी बोदवडची, आमच्याकडची बोली वेगळी. त्यांची अहिराणी मला कळते पण माझ्या तोंडात बसत नाही, त्यामुळे आमचं भांडणसुद्धा दोन भाषांत होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तव्हय तेच डॉक्टर सांगेत, वजन वाढाडा, वजन वाढाडा. आते सांगतस कमी करा. पोर शे का सायकलनी टूब? आज हवा भरा, सकाय काढा."

ते खरं होतं. हेतल काचेच्या पेटीत होती तेव्हा नर्सबाई रोज सकाळी वजन करायच्या आणि आम्ही दोघी दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असायचो. दहा ग्रॅम वाढले की सासूबाई बाहेर जाऊन वॉचमनलाही सांगून यायच्या. एक दिवस वजन घटलं. त्या दिवशी त्यांनी धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून, आमच्या कुलदेवीला पदर पसरला होता. हिले जगाड माय, तुन्हा म्होरे गूळवर तोलसू. हिला जगव, तुझ्यासमोर गुळानं तोलीन.

ती तुला अजून झाली नव्हती.

आधी ती जरा अंग धरेपर्यंत थांबलो, तोवर कोरोना आला आणि देऊळच बंद. मग आबा गेले, त्यांचं वर्ष पाळलं. त्यानंतर जमलं असतं, पण सासूबाईच म्हणायला लागल्या की अजून भरू दे जरा. देवीपुढे काटकुळी पोर तोलली तर देवीलाच कमी दिल्यासारखं होतं. पुढच्या चैत्रात करू, मग त्याच्या पुढच्या. त्या नवसापायी दर चैत्राआधी तिचं खाणं वाढायचं. दुधात साखर वाढायची, पोळीवर तूप वाढायचं, डब्यातली एक पुडी असायची तिथे दोन व्हायच्या. आणि दीपक रात्री घरी आले की कुठलीतरी नवी चव खिशातून काढायचे. धंद्यात नवा माल आला की पहिली पुडी लेकीनं फोडायची, हा त्यांचा शकुन होता.

या वर्षी चैत्रातली तिथी धरली होती. आमंत्रणं गेली होती. रिपोर्ट आला तेव्हा तुला तोंडावर होती.

मी दीपकना एकटं गाठून म्हणाले, पुढे ढकला. ते म्हणाले, का? मी म्हणाले, तिला सगळ्यांसमोर पारड्यात बसवायचं नाही मला. ते नाराज झाले. रिपोर्ट त्यांनी नीट वाचला होता, तेही घाबरले होते, मला कळत होतं. पण घाबरले की ते मोठ्यानं बोलतात. नवस लांबवला म्हणूनच हे दुखणं आलं असेल असं आई म्हणते, तिला काय सांगू, असं ते म्हणाले. एकदा ही नवसाची तुला होऊ दे, मग तू म्हणशील तसं. डबासुद्धा बंद करू. तुला झाल्यावर.

मग त्यांनाच ती कल्पना सुचली. गूळ कोण खातं आता? एवढ्या उन्हात ढेपी पाघळतील, मुंग्या लागतील, लोक प्रसाद घेऊन घराबाहेर ठेवून देतील. त्यापेक्षा आपल्या मालानं तोलू. नवसापुरती एक ढेप खाली ठेवू, वर आपली खोकी. पोरं खूश होतील, देवी पोरांचीच. सासूबाई थोड्या घुटमळल्या. पण दीपकनी म्हटलं, आई, हाच आपला गूळ आहे, यानंच घर उभं राहिलं. त्यावर त्या तयार झाल्या.

मला मात्र भीतीनं झोप लागेना. आणि भीती कुठली ते सांगताही येईना. साखरेची होतीच. पण तिच्याही वर ही, की हेतल त्या पारड्यात बसेल, लोक बघतील, आणि तिला कळेल की ती किती आहे. आजवर तिला फक्त चिडवलं होतं. चारचौघांत मोजलं नव्हतं.

आमचं मूळ गाव शिंदखेड्याकडे. गावाबाहेर टेकाडावर देवीचं लहानसं देऊळ आहे, समोर कडुनिंब. नवसासाठी तिथे मोठा तराजू ठेवलेला असतो, तीन लोखंडी खांबांच्या तिकाटण्याला टांगलेला, दोन्ही बाजूंना साखळ्या आणि बसता येईल एवढी लाकडी पारडी. पूर्वी कोणा व्यापाऱ्याकडे कापूस तोलायला होता म्हणे. त्या दिवशी सकाळीच ऊन असं पडलं होतं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. टेम्पो चालवणारे चुडामणभाऊ खोकी उतरवत दीपकना म्हणाले, "शेठ, देवीले तिखट चालस ना? नाहीतर बाटल्याही आणल्या असत्या." सगळे हसले. मीही हसले. हेतल हसली.

ती छान दिसत होती. पोपटी परकर, हातात बांगड्या, केसांत गजरा. रुमाल आज मीच काढून ठेवला होता, फोटो काढायचे म्हणून. आजूबाजूला भाऊबंद, गावातल्या बाया, आणि बांधावर सातपुड्याकडून कामाला आलेली मजुरांची दोनचार कुटुंबं, पोरांना कडेवर घेऊन. त्यांना टेम्पोतली खोकी लांबूनच ओळखू आली होती.

पुजाऱ्यानं हेतलच्या कपाळाला कुंकू लावलं. ती पारड्यात मांडी घालून बसली. तिचं पारडं धपकन जमिनीला टेकलं, दुसरं वर गेलं. तोपर्यंत ठीक होतं, तसं व्हायचंच असतं. दुसऱ्या पारड्यात आधी गुळाची ढेप ठेवली. मग दीपकनी स्वतः पहिलं खोकं उचलून ठेवलं आणि हात जोडले. मग दुसरं. तिसरं. पारडं हललंसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी दीपकच्याही. रोज ती खोकी उचलणारा माणूस, पण हे आधी सुचलं नव्हतं. त्या खोक्यांना वजनच नसतं. आत पुड्या, पुड्यांत हवा, हवेच्या तळाशी चार तुकडे. खोकं केवढं मोठं दिसतं आणि चुडामणभाऊ एका बोटावर उचलतात. पारडं भरलं. खोक्यांवर खोकी चढली. चुडामणभाऊंनी कुणाकडून तरी स्टूल आणलं, वर चढून रचायला लागले. साखळ्यांच्या वर रास गेली, कलली, दोरी आणून बांधली. हेतलचं पारडं जमिनीला चिकटलेलंच.

मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, "अजून एक टेम्पो बोलवा."

हसू आधी तिकडे फुटलं, मग इकडे आलं. वाईट मनानं कुणी हसत नव्हतं. बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या, एक जण म्हणाली, खात्यापित्या घरची आहे, दृष्ट काढा गं. दीपकच्या शर्टाला घाम फुटला होता. ते खाली उतरवायचं का आणखी चढवायचं या गोंधळात इकडून तिकडे जात होते आणि हेतलकडे बघत नव्हते.

मी बघत होते. आधी ती लोकांबरोबर हसली. मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. तिनं परकर गुडघ्यांवरून खाली ओढला. पोट आत घेतलं, श्वास धरून बसली, जणू तेवढ्यानं पारडं उचलेल. आणि मग हळूच उजवा हात मागे नेऊन मानेवर ठेवला. पट्ट्यावर. तो झाकला.

वरची दोन खोकी कलंडली, फुटली, पुड्या धुळीत घरंगळल्या आणि बांधावरची पोरं धावली.

मी पुढे झाले, पण माझ्या आधी सासूबाई उठल्या होत्या. त्या देवीच्या पायरीवर, अगदी हेतलसमोर बसल्या होत्या, तिचा हात मानेवर गेलेला त्यांनीही पाहिला होता. रोज सकाळी त्याच जागी त्यांचा हात असायचा.

"उतार तिले," त्या दीपकना म्हणाल्या.

दीपक म्हणाले, आई, नवस अर्धा राहील, थांब, गूळ मागवतो गावातून.

"पोर तिनी जगाडी. नवस फिटी गया." त्यांनी देवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाकीनं तिले मी सांगसू."

मी हेतलला उचलायला वाकले. लहान असताना उचलायचे तशी, दोन्ही बगलांत हात घालून. माझ्याच्यानं उचलली गेली नाही. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मी, मी उठते ना," आणि स्वतःच उठली. ती उतरताच पारडं सुटलं आणि खोक्यांची सगळी रास जमिनीवर आली.

पंगत झाली, लोक जेवले. बोलले असतील ते आमच्या माघारी. फुटलेला माल दीपकनी वाटून टाकायला सांगितला. कडुनिंबाच्या सावलीत सुगंधाबाई नावाची एक मजूर बाई बसली होती, मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. बरगड्या मोजता येतील असं. त्याच्या हातात आमची पुडी होती, ती एकेक तुकडा ओला करून त्याच्या तोंडात घालत होती आणि तो मिटक्या मारत होता. मी पाहतेय हे पाहून ती हसली. सांगायला लागली की हा भाकरीला तोंड लावत नाही, वरणाला नाही, जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, पण हे दिलं की खातो. पाड्यावरच्या दुकानात आता रोज मिळतं. "आज पोट भरलं त्याचं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. दवाखान्याच्या काचेला नाक लावून उभं असताना माझ्या तोंडावरही तेच असायचं.

पुडी त्याच्या हातून काढून घ्यावीशी वाटली. पण बदल्यात द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. मी ढेपेचा एक खडा फोडून आणला, तोही दिला नाही, हातातच धरून उभी राहिले. गूळ बोटांना चिकटायला लागला.

पारोळ्याला पोचल्यावर दीपकनी मला न सांगता स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा उचलला आणि खाली नेऊन रिकामा केला. दुसऱ्या दिवशी डॅमेजचा माल ठेवायला स्टँडजवळ एक गाळा बघून आले. म्हणाले, आता वर काही येणार नाही. मी बरं म्हटलं. तो माल मग कुठे जाईल, कोण खाईल, हे मी विचारलं नाही, आणि ते त्यांनाही विचारायचं नव्हतं. रात्री उशीपाशी बसून ते एवढंच म्हणाले, "ललिता, इतका हलका असतो आपला माल?"

सासूबाईंनी मात्र काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी घाबरून होते, की तुला मोडल्याचा दोष माझ्यावर येतोय. सकाळी मोरीपाशी पाट पडायचा, पण पिठाची वाटी नसायची. त्या नुसत्या कोमट पाण्यानं हेतलची मान धुवायच्या, पदरानं टिपायच्या. पेढा बंद झाला नव्हता, अर्धा झाला होता. उरलेला अर्धा त्या स्वतःच्या तोंडात टाकायच्या आणि माझ्याकडे पाठ करून चघळायच्या. संध्याकाळी त्या हेतलला घेऊन किल्ल्याच्या तटाशी जायला लागल्या. पहिल्या दिवशी दोघी धापा टाकत परत आल्या, कोण जास्त दमलं यावर दोघींचं भांडण. घरात साखरेच्या डब्यावर त्यांनी ताट उपडं घातलं, वर पाटा ठेवला. माझ्यानं तो पाटा हलत नाही, मलाच चहा पिताना त्यांना हाक मारावी लागते.

तरी एकदा हेतलच्या दप्तरात पुडीचा कागद सापडला. मी तो घडी करून ठेवला, कुणाला दाखवला नाही. तिला रागवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि तिनं तो फेकला नव्हता, नीट चार घड्या करून वहीत लपवला होता. दुसरी एक गोष्ट जास्त काळजीची होती. ती जेवताना माझ्या ताटाकडे बघून भाकरी मोडायला लागली होती. मी अर्धी घेतली की ती पाव. एकदा म्हणाली, भूक नाही. माझं जेवण थांबलं. तिला आठ वर्षांत कधी भूक नाही असं झालं नव्हतं. खाते म्हणूनही भीती, आणि आता नाही खात म्हणूनही.

शाळा उघडायच्या आधी आम्ही धुळ्याला गेलो. या वेळी सासूबाईही आल्या, कुणी चला म्हटलं नव्हतं. नेसून तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या.

दवाखान्यात आधी वजन. कोपऱ्यात सपाट काचेचा काटा होता. नर्सबाईंनी हाक मारली आणि हेतल माझ्या मागे गेली. मी म्हटलं, बाळा, फक्त उभं राहायचंय. तिनं माझी ओढणी घट्ट धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. नर्सबाई म्हणाल्या, रांग आहे हो बाहेर. बाकावरच्या आया बघायला लागल्या. हेतलचा हात मागे गेला, मानेवर. रडत नव्हती, पण पाय जमिनीत रोवले होते, आणि मला माहीत होतं की मी ओढली तर पारड्यातली तीच दुपार परत होईल. नाही ओढली तर तपासणी होणार नाही.

सासूबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला.

"पहिले मन्हं वजन कर, माय," त्या नर्सबाईंना म्हणाल्या.

नर्सबाई म्हणाल्या, आजी, पेशंट तुम्ही आहात का? पण तोवर त्या काट्यावर चढल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून, मग भिंत सोडून. दंडाच्या कातड्याच्या घड्या, ताणलेलं पोलकं, भेगाळलेले पाय. सगळ्यांसमोर ताठ उभ्या राहिल्या, देवळात उभ्या राहिल्या नव्हत्या इतक्या ताठ. खाली आकडे लुकलुकले. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. त्यांनी हेतलला विचारलं, "कितलं शे?"

हेतल भिंतीकडून वळली. हळूहळू जवळ आली, वाकली, आणि वाचून दाखवलं.

"बापरे," सासूबाई म्हणाल्या. "तुन्हा बापनी खोकी पुरतीन नही मले."

हेतलला हसू आलं. थोडंसं, नाकातून. सासूबाई उतरल्या नाहीत पूर्ण. एक पाय खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला. हेतलनं चपला काढल्या, दोन्ही शेजारी शेजारी नीट लावल्या, मोठीआईचा हात धरला आणि काचेवर चढली, तशी सासूबाईंनी दुसरा पायही खाली घेतला. तिचे पाय गुबगुबीत, बोटांना मी लावलेलं लाल नेलपॉलिश अर्धं उडालेलं. मी आकड्यांकडे बघितलं नाही. तीन महिन्यांचं सगळं त्या काचेखाली होतं आणि माझ्यानं मान वळवली जाईना. मी नुसती तिची बोटं बघत राहिले.

"आजी, हात सोडा तिचा," नर्सबाई म्हणाल्या. "नाहीतर वजन बरोबर नाही येणार."

सासूबाईंनी हेतलकडे पाहिलं. हेतलनं एकदा मान हलवली.

तरी हात सोडायला त्यांना वेळ लागला.